पुढची स्लाइड कुणी बदलायची?

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण शीर्षक बघून लगेच पळू नका. भाचेमंडळींना ह्यातलं निम्मं आधीच ठाऊक असेल, त्यांनी माझ्या वयाच्या वाचकांसाठी थोडा धीर धरावा. विषय संगणकाचा असला तरी माझं भांडण वर्गाबद्दल आहे.

भांडण एका वाक्यात सांगते. वर्गात पडद्यावरचं चित्र केव्हा बदलायचं, हे शिकवणाऱ्यानेच ठरवायला हवं. ते काम एखाद्या प्रोग्रॅमकडे सोपवून बाईंना किंवा सरांना बाजूला उभं करणं हे मला साफ नामंजूर आहे. मग त्याला 'डिजिटल' म्हणा, 'स्मार्ट' म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा.

आधी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ. पॉवरपॉइंट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. फाइल उघडायची, स्लाइड शो सुरू करायचा, बटण दाबलं की पुढची स्लाइड. पण हेच सगळं माणसाने न करता दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमनेही करता येतं. माझा भाचा ह्याच धंद्यातला. त्याने मला एकदा समोर बसवून दाखवलं. त्याने व्हिज्युअल बेसिकमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याची स्वतःची छोटी खिडकी, त्यात चार बटणं. बटण दाबलं की तो प्रोग्रॅम पॉवरपॉइंटला उठवतो, 'ही फाइल उघड' म्हणतो, 'शो सुरू कर' म्हणतो, 'सातव्या स्लाइडवर जा' म्हणतो, आणि पॉवरपॉइंट निमूटपणे ऐकतो. स्लाइडवरचा मजकूरही बाहेरून बदलता येतो. ह्याला ऑटोमेशन म्हणतात. विंडोजमध्ये ही सोय बरीच जुनी आहे. १९९७ च्या पॉवरपॉइंटपासून तर त्याच्या पोटातच व्हिज्युअल बेसिक आलं, आणि फाइल, स्लाइड, स्लाइडवरची चौकट, चौकटीतला मजकूर अशा एकेका गोष्टीला नावाने हाक मारून कामाला लावता येऊ लागलं.

मी त्याला म्हटलं, "अरे, ही तर कळसूत्री बाहुली!" तो म्हणाला, "अगदी तसंच, आत्या. दोरी कुणाच्या हातात द्यायची तेवढं फक्त आपण ठरवायचं."

तेवढं फक्त! सगळा प्रश्न तिथेच तर आहे.

गेल्या वर्षी एका शाळेत जाणं झालं. शाळेचं नाव लिहीत नाही, आणि प्रोग्रॅम कुणी बनवून दिला तेही लिहीत नाही, कारण भांडण एका शाळेशी किंवा एका दुकानाशी नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे मराठी शिकवते. "बाई, एकदा माझ्या वर्गात येऊन बसाच," म्हणाली. गेले. तास सुरू झाला आणि तिने कशालाही हात लावायच्या आत पडद्यावर पाठ सुरू झाला. शाळेने खास बनवून घेतलेला प्रोग्रॅम होता. वेळापत्रक त्याच्या पोटात. घंटा झाली की त्या तासाची फाइल तो उघडतो आणि पॉवरपॉइंटला हाकत नेतो. विषय होता समास. एकूण ४२ स्लाइड, प्रत्येकीला ५० सेकंद. हिशेब करून बघा, बरोबर ३५ मिनिटं होतात. तासही ३५ मिनिटांचाच. म्हणजे हजेरी, मुलांचं स्थिरस्थावर होणं, फळ्यावर एखादं उदाहरण, मुलांचे प्रश्न, ह्या सगळ्याला मिळून शून्य सेकंद!

द्वंद्व समासाची स्लाइड आली. आईवडील, रामलक्ष्मण, नेहमीची उदाहरणं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "बाई, तांबडा-पांढरा कुठला समास?" वर्गात हशा. कोल्हापूरचंच पोर ते, त्याला दुसरं काय सुचणार! पण प्रश्न किती चांगला होता बघा. पुस्तकात नसलेलं उदाहरण त्याने स्वतःच्या ताटातून उचलून आणलं होतं. शिक्षकाला ह्याहून मोठी पावती नाही. बाई खुलल्या. "सांग बघू, विग्रह कसा करशील?" असं म्हणून त्या फळ्याकडे वळल्या. पोरगा विचार करून म्हणाला, "तांबडा आणि पांढरा." आणि इकडे पडद्यावर बहुव्रीही सुरू झाला होता. निम्मी मुलं पडद्याकडे, निम्मी फळ्याकडे. बाईंनी माउस दाबून बघितला. काही होईना.

काही का होईना, ते भाच्याने नंतर समजावलं. पॉवरपॉइंटमध्ये शो चालवायचे निरनिराळे प्रकार आहेत, त्यातला एक 'कियॉस्क'. प्रदर्शनात किंवा एखाद्या मोठ्या कार्यालयाच्या दारात पडदा आपोआप फिरत ठेवायचा असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याने माउस दाबून त्याची वाट लावू नये, म्हणून ही सोय. त्यात नुसत्या क्लिकने स्लाइड पुढे-मागे जात नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वर्गासाठी नेमका तोच प्रकार निवडला होता. म्हणजे त्याच्या लेखी वर्गातली शिक्षिका आणि प्रदर्शनातला उपटसुंभ पाहुणा एकाच पंगतीतले!

शो संपला की तशी वर्दी पॉवरपॉइंट त्या प्रोग्रॅमला देतो. प्रोग्रॅम लगेच नोंद करतो, 'पाठ पूर्ण'. मुख्याध्यापकांच्या टेबलावर महिन्याचा तक्ता जातो. अमुक वर्ग, अमुक विषय, शंभर टक्के पूर्ण. पूर्ण काय झालं? स्लाइड फिरून झाल्या. समास कळला का, हे त्या तक्त्याला माहीत नाही आणि विचारायचंही नाही.

कुणी म्हणेल, बाईंना नव्याचं वावडं आहे. मुळीच नाही. चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याकडे नवं कधी होतं? इथून घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात तर कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, एका कथेच्या चित्रांच्या संचाला म्हणायचं पोथी. एकेक चित्र पुढे धरायचं, वाद्याच्या साथीने गात गात कथा सांगायची, मग पुढचं चित्र. ह्याच गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आता मला सांगा, ही आपली स्लाइड शोचीच जुनी रीत नाही का? पण तिथे चित्र कोण बदलतो? जो कथा सांगतो तो. समोरची माणसं रंगली असतील तर चित्र थोडं जास्त वेळ थांबेल, चुळबुळ करत असतील तर लवकर पालटेल. तिथे दर ५० सेकंदांनी कुणी मागून येऊन चित्र ओढून घेत नाही.

तेही फार जुनं वाटत असेल तर यंत्राचं उदाहरण घ्या. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' ह्या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा, सोबतीला निवेदन. काचा सरकवून चित्र हलल्याचा भासही ते निर्माण करत. आपल्याकडे सिनेमा यायच्याही आधीची ही गोष्ट. म्हणजे मराठी माणसाने पडद्यावरची चित्रं आणि त्यांच्यामागचं यंत्र दोन्ही सव्वाशे वर्षांपूर्वीच आपलीशी केली होती. यंत्राला माझा विरोध नाही. पण त्या यंत्रात काच सरकवणारा हात माणसाचाच होता.

आणि खुद्द पॉवरपॉइंट? ते १९८७ साली अमेरिकेत फोरथॉट नावाच्या एका लहान कंपनीने मॅकिंटॉशसाठी काढलं. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ती कंपनी विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचं मुख्य काम होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शक पानं तयार करणं. आमच्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांना तो प्रोजेक्टर आठवत असेल. पान काचेवर ठेवायचं, त्यावर पेनने खूणही करायची, बोलून झालं की उचलायचं आणि दुसरं ठेवायचं. म्हणजे जन्मापासून हे साधन बोलणाऱ्या माणसाच्या हाताखालचं. त्यालाच आता वरचढ करून बसवायचं, हा उलटा न्याय कुठला?

आता समोरची बाजू. ती ऐकलीच पाहिजे.

पहिला मुद्दा असा मांडतात की शाहूवाडी-गगनबावड्यासारख्या डोंगरी भागात एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. एका वर्गाला तो शिकवत असताना दुसऱ्या वर्गाला प्रोग्रॅमने पाठ दाखवला तर काय बिघडलं? काहीच नाही बिघडलं. उजळणीसाठी, पाठांतरासाठी जरूर दाखवा. पण त्या मुलांपैकी एकाला मागे जाऊन पुन्हा बघता आलं पाहिजे, आणि गुरुजी मोकळे झाले की त्यांना तिथेच थांबवून बोलता आलं पाहिजे. एकट्या शिक्षकाला मदतनीस हवा आहे. मुकादम कशाला?

दुसरा मुद्दा, सगळ्या तुकड्यांना एकसारखं मिळतं. हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. पण 'अ' तुकडीला विग्रह दोन मिनिटांत कळतो आणि 'क' तुकडीला वीस मिनिटं लागतात. दोघांना ५०-५० सेकंद देणं ह्याला समानता म्हणत नाहीत.

तिसरा मुद्दा अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होण्याचा. हा खरा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात ठरलेल्या वेळेत सगळा अभ्यासक्रम पूर्ण करणं हे एक आहे, बरोबर. पण त्याला लागूनच पुढे असंही आहे की शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखावी आणि गरज असेल तिथे जादा शिकवावं. तो प्रोग्रॅम कायद्याचा पहिला भाग घेतो आणि दुसरा पुसून टाकतो. जादा शिकवायचं ते कोणत्या सेकंदात?

ह्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. इतका आटापिटा केला तो मूल शिक्षकासमोर यावं म्हणून. आता मूल समोर आलं आहे, आणि शिक्षकालाच भिंतीकडेला उभं करायचं?

शिक्षणातलं जाऊ द्या, ज्यांना नुसतं तंत्रच कळतं त्यांच्यासाठी तंत्रातलंच सांगते. सर्व्हरवर, समोर कुणी माणूस नसताना, ऑफिसचे प्रोग्रॅम ऑटोमेशनने चालवू नका, असा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टनेच देऊन ठेवला आहे. कारण साधं आहे. हे प्रोग्रॅम समोर माणूस बसलेला आहे असं धरूनच बनवलेले आहेत. मध्येच एखादी चौकट उघडते, 'हो की नाही' विचारते आणि उत्तराची वाट बघत बसते. उत्तर द्यायला कुणी नसेल तर सगळं ठप्प. म्हणजे बनवणाऱ्यांनाही माणूस समोर हवा आहे. आपल्याकडे मात्र माणूस समोर उभा असताना त्याला नसल्यासारखं धरतात!

दुसरी गंमत. वर्ड आणि एक्सेलला प्रोग्रॅमने 'पडद्याआड राहून काम कर' म्हटलं तर ते राहतात. पॉवरपॉइंटला तसं सांगायला जा, तो चक्क एरर देतो, माझी खिडकी लपवता येणार नाही म्हणतो. (फाइल खिडकीशिवाय उघडता येते, पण तो स्वतः लपत नाही.) भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला त्या पॉवरपॉइंटचा आदरच वाटला. तेवढा बाणेदारपणा आम्हा शिक्षकांत असता तर!

तिसरी गोष्ट मात्र गमतीची नाही. आपण हाताने फाइल बंद करतो तेव्हा पॉवरपॉइंट विचारतो, बदल सेव्ह करायचे का? पण प्रोग्रॅमने फाइल बंद करायचा हुकूम दिला तर तो काही न विचारता बंद करतो. शिवाय एका संगणकावर पॉवरपॉइंट सहसा एकच चालतो. प्रोग्रॅम त्याला बोलावतो तेव्हा बाई ज्यात काम करत होत्या तोच पॉवरपॉइंट त्याच्या हाती लागतो. माझ्या त्या विद्यार्थिनीने मधल्या सुट्टीत बसून स्वतःची उदाहरणं घालून एक फाइल तयार केली होती. घंटा झाली, प्रोग्रॅम जागा झाला, त्याने उघड्या दिसतील त्या सगळ्या फाइली मिटल्या आणि आपली उघडली. अर्ध्या तासाची मेहनत गेली. बनवणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, त्या वेळेत दुसरी फाइल उघडायचीच नसते." बघा, म्हणजे तिच्या वर्गात तिचीच फाइल उपरी!

आता ह्याच तंत्राचा चांगला उपयोगही सांगते, नाहीतर नुसती तक्रारखोर म्हातारी म्हणाल. आमच्या ओळखीतल्या एका शाळेच्या बक्षीस समारंभासाठी भाच्याने असाच प्रोग्रॅम करून दिला. एक्सेलमध्ये मुलांची नावं, इयत्ता, बक्षीस. प्रोग्रॅम ती यादी वाचतो आणि प्रत्येक मुलाची एकेक स्लाइड बनवतो. नावं युनिकोडमध्ये टाइप केलेली, त्यामुळे जुन्या फाँटांसारखा दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा चिवडा होत नाही. शंभर-सव्वाशे स्लाइड हाताने करायच्या तर दोन संध्याकाळी गेल्या असत्या, आणि एखाद्या पोराच्या नावातली वेलांटी चुकली असती ती वेगळीच. इथे यादी एकदा नीट तपासली की झालं. पण समारंभात पुढची स्लाइड मात्र तिथल्या एका बाईंच्या हातात होती. कारण बक्षिसाचं पोर शेवटच्या रांगेतून धावत येणार, कुणाची चप्पल अडकणार, पाहुणे एखाद्याला दोन शब्द विचारणार, कुणाच्या आईला फोटो काढायचा असणार. हे सगळं बघून बटण दाबायला डोळे लागतात. कष्टाचं काम यंत्राने केलं, नजरेचं काम माणसाने केलं. ह्याला मी म्हणते नाद खुळा!

तेव्हा शाळांच्या संचालकांना, मुख्याध्यापकांना आणि पालक संघात बसणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही माझं सांगणं आहे. असा प्रोग्रॅम विकत घ्यायच्या किंवा बनवून घ्यायच्या आधी विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा.

१. शिकवणाऱ्याला पाहिजे तेव्हा पाठ थांबवता येतो का, मागे जाता येतं का?

२. शिकवणाऱ्याला स्लाइडमध्ये स्वतःचं उदाहरण घालता येतं का, आणि ते पुढच्या वेळी टिकतं का?

३. 'पाठ पूर्ण' असं कोण ठरवतं? घड्याळ की शिक्षक?

४. उद्या तुमचा प्रोग्रॅम बंद पडला तर आमचे पाठ आम्हाला साध्या पॉवरपॉइंटमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये उघडता येतील का?

चौथा प्रश्न किरकोळ समजू नका. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ साली आलं. त्यात लोकांनी ढीगभर प्रोग्रॅम लिहिले, आणि मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये ते लिहायच्या साधनाचा आधार काढून घेतला. प्रोग्रॅम येतात आणि जातात. पॉवरपॉइंटच्या हल्लीच्या फाइलींची रचना मात्र २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून उघडी आहे, दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही ती वाचता येते. पाठ तशा साध्या फाइलींत असतील तर ते शाळेचे. कुणाच्या प्रोग्रॅमच्या पोटात कुलपात असतील तर त्या दुकानदाराचे. वर्षानुवर्षं शिक्षकांनी जमवलेली उदाहरणं अशी दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नयेत.

ह्या चारही प्रश्नांना 'हो, शिक्षकच' असं उत्तर देणारा प्रोग्रॅम बनवणं अवघड नाही. भाचा म्हणतो, वेळ लावून स्लाइड पुढे ढकलायला जेवढ्या ओळी लागतात तेवढ्याच ओळी 'थांब' आणि 'मागे' ह्या दोन बटणांना लागतात. म्हणजे बटणं नाहीत ती कुणाला जमत नाहीत म्हणून नाही. ती असावीत असं कुणी म्हटलंच नाही म्हणून नाहीत. आणि म्हणायला हवं होतं आम्ही, शिक्षकांनी. जे आज नोकरीत आहेत त्यांनी तरी आता मोठ्याने म्हणावं. वरून आदेश आला की माना डोलवायची सवय ह्या एका बाबतीत तरी सोडावी.

'तांबडा-पांढरा' विचारणारं पोर रोज भेटत नाही. भेटलं की पडदा थांबलाच पाहिजे.